मावशीला सांगायचं होतं ते

माझा धाकटा भाऊ निनाद, आमचा निनू, याला मिक्सरचा आवाज सहन होत नसे. म्हणून डोंबिवलीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात चटणी पाट्यावरच वाटली जायची. मिक्सर होता. बाबांनी एका दिवाळीला हौसेनं आणलेला, पण तो माळ्यावर खोक्यातच बसून राहिला. खालच्या बिऱ्हाडातले लोक वरवंट्याच्या घरघरीबद्दल कुरकुर करायचे, तेव्हा आईनं पाट्याखाली जुन्या गोधडीची जाड घडी घातली. कुकरचं मात्र काही करता येत नव्हतं. शिट्टीच्या आधीची ती फुसफुस सुरू झाली की निनू कानांवर हात घट्ट दाबून गॅलरीत जाऊन उभा राहायचा आणि शिट्टी होऊन गेली की हात काढून मोठ्यानं जाहीर करायचा, "झाली! झाली, झाली, झाली." तिन्ही शिट्ट्यांना हेच. आमच्या घरी भात झाल्याचं अख्ख्या बिल्डिंगला कळत असे. संध्याकाळी एमआयडीसीकडून तो आंबूस वास यायला लागला की आई खिडक्या लावून घ्यायची, आणि थोड्या वेळानं तोच वास अंगावरच्या शर्टातून घेऊन बाबा घरी यायचे. ते तिथल्याच एका रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळायचे. आल्या आल्या शर्ट बाहेर दोरीवर, मग आंघोळ, मग निनूच्या शेजारी जमिनीवर बसकण. दोघंही फारसं बोलत नसत, पण दोघांचं चांगलं जमायचं.

निनूला बोलायला उशिरा आलं आणि आलं तेही आपलं बोलणं आपल्याला परत देणारं. "जेवायचं का रे?" विचारलं की, "जेवायचं का रे, का रे, का रे." पण आवाजांची नक्कल अशी की देवानंसुद्धा थक्क व्हावं. एकदा दुपारी त्यानं गॅलरीतून खाडीवरून येणाऱ्या कोळणीच्या चालीत "बोंबीऽऽल, ताजे बोंबीऽऽल" अशी हाळी दिली आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या दोघी जणी पातेली घेऊन खाली उतरल्या. आई शरमेनं अर्धमेली झाली होती, पण त्या रात्री बाबा जेवताना हसत सुटले आणि त्यांना हसताना बघून निनूनं पुन्हा पुन्हा बोंबील विकले. कुणाच्या डोळ्यांत बघणं त्याला जमायचं नाही. पाहुणे आले की "हात दे रे" म्हटल्यावर हात बरोबर पुढे करायचा, पण मान आणि सगळं अंग उलट्या दिशेला वळवून. जणू हात आमच्या घरचा आणि तो दुसऱ्याच कुणाचा. फार गर्दी झाली, फार गोंगाट झाला की स्वतःच्याच मनगटाला चावायचा. तिथे कातडीला घट्टा पडला होता. चेहरा लांबट, कान मोठे. लहानपणी सगळे म्हणायचे, कान मोठे म्हणजे भाग्यवान.

मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. मला शाळेत चांगले मार्क पडायचे, आणि ते का पडायचे याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नव्हती. आईचे वडील, आजोबा, कल्याणच्या एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झाले होते. पारनाक्याकडच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहायचे. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जायचो. आई त्यांच्यासाठी डब्यात आळूची वडी नाहीतर डाळिंब्यांची उसळ न्यायची. जेवणं झाली की आजोबा मला समोर बसवून तोंडी हिशेब घालायचे. उत्तर बरोबर आलं की ते माझ्याकडे न बघता आईकडे बघायचे आणि म्हणायचे, "रक्तात आहे, सुमे. शिकवून येत नाही हे." वाटेत कुणीही भेटलं की तेच. गुरुजींची नात, मग काय! मलाही ते खरं वाटायचं. डोकं म्हणजे काहीतरी घराण्याची वस्तू आहे, चांदीच्या तांब्यासारखी, आणि ती माझ्या वाट्याला आली आहे, असं मी बरीच वर्षं समजून चालले.

निनूच्या वाट्याला ती का आली नाही, याची मात्र प्रत्येकाकडे वेगळी कथा होती. कोकणातून बाबांची आई येऊन राहायची. तिचं म्हणणं, सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात सुरी हातात घेतली. आजोबांचं म्हणणं, "आमच्या घराण्यात ढ कुणी निपजला नाही. जावयांच्या बाजूला चौकशी करायला हवी होती." आई दोन्हीकडचं ऐकून घ्यायची. तिनं त्याच्या डोक्याला ब्राह्मीचं तेल चोळलं, शंखपुष्पीचं सरबत दिलं, कुणी सांगितलं म्हणून रोज अक्रोड भिजवले. निनू अक्रोड तोंडात घेऊन गॅलरीतून खाली थुंकायचा. तो मऊ भात, तूप आणि मेतकूट एवढंच खायचा, आणि भातात एखादी मोहरी लागली तरी ताट सरकवायचा. या सगळ्यात आईची बाजू घेणारी एकच होती, वसूमावशी. आईची धाकटी आणि एकुलती बहीण. ठाण्याला कोलशेतला काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, कंपनीजवळच तिचं घर होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं आणि तिनं आम्हा दोघांनाच आपलं मानलं होतं. आली की निनूला जवळ ओढायची नाही, त्याच्याकडे पाठ करून बसायची आणि पाठीमागे हात करून म्हणायची, "हात दे रे." मग निनू हळूच येऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. निनू ज्या खास मुलांच्या शाळेत जायचा, तिथे एक नवीन डॉक्टरीणबाई मुलं तपासायला आल्या. वयानं लहानच होत्या, आवाज बारीक. त्यांनी निनूचे कान बघितले, बोटं मागे वाकवून बघितली, मनगटावरचा घट्टा बघितला आणि मग निनूला सोडून त्या आईलाच प्रश्न विचारत बसल्या. तुमच्या माहेरी असं कुणी आहे का? तुम्हाला भाऊ? मामा? मावशीची मुलं? आई प्रत्येकाला नाही म्हणत गेली. शेवटी त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, मुंबईत होईल म्हणाल्या. निनूचं, आईचं, आणि माझंही. निनूचं रक्त काढताना बाबा आणि एक वॉर्डबॉय त्याला धरून बसले होते. तो सुई टोचणाऱ्या परिचारिकेच्याच आवाजात ओरडत होता, "काही नाही होत, काही नाही होत." मग रिपोर्ट यायला कित्येक आठवडे लागले. मधल्या काळात एका संध्याकाळी मावशीचा फोन आला आणि आई रिसीव्हर धरून हसत-रडत राहिली. मावशीला दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी. आईनं त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली आणि माझ्या हातात दोन चिमट्या दिल्या, एक माझी, एक निनूची.

रिपोर्ट घ्यायला आई आणि मी गेलो. बाबांना सुटी मिळाली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण मी ते पुढे अनेकांना अनेकदा सांगितलं आहे. आपल्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. त्यातल्या एकात तीन अक्षरांचा एक छोटा तुकडा परत परत लिहिलेला असतो. सगळ्यांच्यातच असतो. काही घराण्यांत तो जरा जास्त वेळा लिहिलेला असतो, तरी माणूस अगदी ठणठणीत असतो, हुशार असतो, त्याला पत्ताही नसतो. पण आईकडून मुलाकडे उतरताना तो तुकडा वाढू शकतो, आणि एका मर्यादेपलीकडे वाढला की ते जनुक गप्प होतं. त्यानं जे प्रथिन बनवायचं ते बनत नाही. मेंदूच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात आणि नको असलेल्या जोडण्या छाटल्या जातात, त्या कामात ते प्रथिन लागतं. निनूत ते बनतच नव्हतं. मग सगळेच आवाज एकदम आत येतात, सगळेच चेहरे एकदम अंगावर येतात. मी विचारलं, "म्हणजे हुशारी या एका जनुकात असते का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. हुशारीत हजारो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, वर घर, खाणंपिणं, शाळा, सगळंच. पंगत नीट उठायला पन्नास जणांचे हात लागतात. बिघडायला एकाचंच मीठ चुकलं तरी पुरतं."

आईनं पदर बोटाला गुंडाळला होता. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्यातून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे नाही. ग्रहणानं नाही, काही खाल्ल्यानं नाही."

"औषध?"

"या मुळावर नाही. झोपेला, चिडचिडीला देता येईल काहीतरी."

"मग हे कळून करायचं काय?" आईनं विचारलं. ती चिडली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट पुढे सरकवला. माझ्यात काहीच नव्हतं. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी मला चांगलं मिळालं होतं, निनूला दुसरं. छापा की काटा, एवढंच. मग त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला बहीण आहे का?"

आईनं "आहे" म्हटलं, आणि तिला दिवस गेल्याचंही सांगितलं. घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि माझा रिपोर्ट चांगला आला म्हणून तिनं शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. जरा वेळानं वास येईना म्हणून मी आत गेले, तर गॅस बंद होता आणि अर्धाकच्चा रवा कढईत तसाच. आई ओट्याला टेकून उभी. "कशाचं गोड करू?" ती म्हणाली. बाहेर निनू बाबांच्या शेजारी बसून गॅसवाल्याची नक्कल करत होता. रात्री बाबांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आईला काय सांगायचं?" म्हणजे त्यांच्या आईला. मग स्वतःच म्हणाले, "काही नको." ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. आमची ती आजी ग्रहणाला दोष देतच गेली, पण सुनेच्या रक्तात काय आहे हे तिला कधी कळलं नाही. नवरा म्हणून बाबांनी आईसाठी जे जे केलं, त्यात मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

मावशीला सांगायचं तर होतंच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी फक्त तिचं थोडं रक्त तपासायचं. नसलं तर प्रश्नच मिटला. असलं, तर पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी तपासता येतं, आणि मग काय करायचं ते आईबापांनी ठरवायचं, पण वेळेत ठरवायचं. आईनं दोनदा फोन उचलून ठेवला. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणाली. शेवटी आम्ही कोलशेतला गेलो, आई, मी आणि निनू. त्याला घरी ठेवायची सोय नव्हती. मावशीनं आमच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती आणि निनूसाठी वेगळा मऊ भात. घरात नवीन पडदे लागले होते. तिचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी कधी बघितला नव्हता. ती आईला लोकरीचे गुंडे दाखवत होती, पिवळे, कारण पिवळा मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. आई एकेक गुंडा हातात घ्यायची, परत ठेवायची. अखेर काका आल्यावर, चहा झाल्यावर तिनं बोलायला सुरुवात केली. पाठ करून आली होती, तरी चुकत होती. मध्ये मध्ये मी दुरुस्त करत होते. मावशीला आधी समजलंच नाही. तिला वाटलं, निनूच्याच आजाराचं नाव सापडलं. ती म्हणाली, "बरं झालं ना ताई, एकदाचं कळलं."

"वसू, तुझंपण रक्त तपासायला हवं गं."

"माझं कशाला?"

आईनं पुन्हा सांगितलं. या वेळी समजलं. मावशीचा हात आपोआप पोटावर गेला. काका म्हणाले, "बघू आपण, बघू. विचारू आपल्या डॉक्टरांना." पण मावशी आईकडेच बघत होती.

"एवढ्या वर्षांनी माझ्याकडे काही आलंय ताई," ती म्हणाली. "तुला बघवत नाही का?"

"असं नको बोलूस गं. मी कधी—"

"मग सांग ना. समजा आहे माझ्यात. समजा पोटातल्यातपण आहे. मग काय करायचं मी? बोल ना. काढून टाकायचं? निनूसमोर सांग."

निनू तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता. तिच्या आवाजानं तो दचकला आणि "निनूसमोर सांग, समोर सांग," असं हळूहळू म्हणायला लागला. आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. आज इतक्या वर्षांनीही मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नाही. लोकांना येतं. लोक दोन्ही बाजूंनी फार ठामपणे बोलतात. पण ज्या बाईनं ते मूल वाढवलंय, ज्याच्यासाठी पाट्यावर वाटलंय, त्याच्याच समोर तिनं "हे असं मूल नको" कसं म्हणावं? आणि ज्या बाईनं हे सगळं भोगलंय, तिनं आपल्या बहिणीला "होऊ दे" तरी कसं म्हणावं? आई उठली, निनूच्या पायात चपला घातल्या. आम्ही निघालो. मावशी दारापर्यंत आली नाही. काका बसस्टॉपपर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहिले.

पुढच्या रविवारी आजोबांनी आईला बोलावून घेतलं. मावशीनं त्यांना सांगितलं होतं. ते खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी आईला बसायलाही सांगितलं नाही. "पोटुश्या बाईला जाऊन हे सांगतात? आणि सगळं खापर माझ्या घराण्यावर?" आई म्हणाली, "अण्णा, तुमचं रक्त तपासलं तरी कळेल. तुमच्यात असेल तर वसूत असणारच. मग ती ऐकेल." आजोबा म्हणाले, "पाच हजार मुलं शिकवली मी. माझ्यात खोट असती तर दिसली नसती?" आईनं आणलेला डबा ओट्यावर ठेवला आणि जाताना मला म्हणाली, "वडी गरम करून दे त्यांना."

इथेच पुढचं सांगून टाकते. बऱ्याच वर्षांनी आजोबांचा हात थरथरायला लागला. मग चालताना तोल जायला लागला. सगळ्यांना वाटलं वय झालं. पण ठाण्याच्या एका मेंदूच्या डॉक्टरांनी घरातल्या मुलांची माहिती विचारली आणि त्यांचं रक्त तपासायला लावलं. तो तुकडा त्यांच्यातच होता, थोडा वाढलेला. त्यांच्या बुद्धीला आयुष्यभर धक्का न लावता तो तिथे बसून राहिला होता आणि दोन्ही मुलींना गेला होता. बापाकडून मुलीला जातोच, चुकत नाही. तोवर मी नोकरीला लागले होते. आजोबांनी मला एकटीला बोलावलं आणि म्हणाले, "शुभे, मला नीट समजव. एकदा शिकवलंस की पुरे." मी कागदावर काढून दाखवलं. शेवटी थरथरत्या बोटानं ते त्या चित्रावर आपल्यापासून आईपर्यंत आणि आईपासून निनूपर्यंत एक रेघ ओढत राहिले. "म्हणजे माझ्या बेरजेतला हातचा," ते म्हणाले, "पुढच्या घरात गेला." थोड्या वेळानं म्हणाले, "सुमीला सांग, मी चुकलो." मी आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आता काय त्याचं," आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.

हल्ली माझ्या मोबाइलवर जाहिराती येतात. थुंकी पाठवा, तुमच्या मुलाची बुद्धी कशी आहे, त्यानं इंजिनीअर व्हावं की गायक, आम्ही सांगतो. ऑफिसमधल्या मुली मला विचारतात, मॅडम, करू का? मी त्यांना पंगतीची गोष्ट सांगते. मग त्या विचारतात, पण कळलेलं बरं ना? मी नुसती हसते. कळणं आणि काही करता येणं यांत केवढं अंतर असतं, ते मी एका कोलशेतच्या बसस्टॉपवर बघितलं आहे.

मावशीनं रक्त तपासलं नाही. दिवस भरले, मुलगा झाला. बारशाला आम्ही गेलो. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले होते. दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या, पण ओटी भरताना बोलतात तेवढंच. मुलाचं नाव ईशान ठेवलं. गोरापान, गुटगुटीत, गोड मूल. बायका पाळण्याभोवती म्हणत होत्या, "आजोबांवर गेलाय, बघा कपाळ कसं आहे." आईनं पाळण्यात वाकून बघितलं आणि झटकन मागे झाली. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही. मी कान बघत होते. मला मूल दिसतच नाही गं, कानच दिसतात."

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं आई त्या मुलाला लांबून मोजत राहिली. कुठे लग्न, कुठे मुंज, कुठे सत्यनारायण. जिथे मावशी येणार तिथे आईला जायचं नसायचं आणि गेल्याशिवाय राहवायचंही नाही. मूल मान धरायला लागलं, तिनं सुस्कारा सोडला. बसायला उशीर झाला, तिनं काही म्हटलं नाही. एका मुंजीत सनई जोरात वाजली आणि मावशीच्या कडेवरच्या ईशाननं दोन्ही हात पंखांसारखे फडफडवले. आईनं माझा दंड इतका घट्ट पकडला की वळ उठले. पलीकडून मावशीनं आमच्याकडे बघितलं. नजरेला नजर मिळाली आणि मावशीनं ताबडतोब मुलाचे हात आपल्या पदराखाली घेतले. शेजारची कुणी तरी म्हणाली, "अगं बाई, नाचतोय बघा सनईवर." मावशी हसली. नंतर जेवताना आमच्या मागच्याच पंगतीत ती कुणाला तरी सांगत होती, "मुलगे उशिराच बोलतात. ह्यांनाही चार वर्षांपर्यंत बोलता येत नव्हतं म्हणे." आईनं पानातला जिलबीचा तुकडा मोडला आणि तो बोटांत तसाच धरून बसली. मी म्हटलं, "जाऊन बोल ना तिच्याशी." ती म्हणाली, "काय बोलू? मी बोलले की तिला वाटेल, मी वाटच बघत होते."

एका दुपारी दाराची बेल वाजली. निनू कानांवर हात ठेवून गॅलरीत पळाला. दारात मावशी होती, कडेवर ईशान. तीन मजले चढून धापा टाकत होती. फोन नाही, निरोप नाही. तिनं चपला काढल्या, आत आली, आणि आई पाणी आणायला वळली तेवढ्यात म्हणाली, "ताई, मला काही विचारायचं नाहीये. काही सांगूही नकोस. याची नखं कशी कापू, तेवढं फक्त दाखव. हात लावू देत नाही. काल ह्यांनी धरला तर एवढा आकांत केला की शेजारचे आले. गालावर ओरखडे काढलेत बघ स्वतःच्याच."

आईनं बघितलं. मग ग्लास तसाच खाली ठेवला, आणि मुलाला घ्यायला हात पुढे न करता त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली. "खाली सोड त्याला," ती म्हणाली. "आणि आत्ता नको. झोपू दे."

आम्ही त्याच्या झोपण्याची वाट बघत बसलो. मावशीनं मऊ भात भरवला, त्यानं अर्धा खाल्ला, अर्धा थुंकला. बराच वेळ तो खोलीभर गोल गोल फिरला, मग पंख्याखाली सतरंजीवर आडवा झाला आणि हळूहळू त्याचे डोळे मिटले. तरी आई लगेच उठली नाही. त्याचा श्वास लांब होऊ दिला. मग नेलकटर घेऊन ती त्याच्याजवळ सरकली. मावशीनं त्याची मूठ उलगडून तळवा धरून ठेवला आणि आईनं एकेक नख कापायला सुरुवात केली, कट आवाज होऊ नये म्हणून अगदी सावकाश दाबत.

"असं रोज झोपायची वाट बघायची?" मावशीनं कुजबुजत विचारलं.

"हो."

"आणि मोठा झाल्यावर?"

आईनं करंगळीचं नख कापलं, दुसरा हात घेतला. "निनूची मी अजून अशीच कापते," ती म्हणाली. "हात जरा वर धर, वसू. अंगठा दिसत नाहीये मला."